एका वळूसाठी : कू खुलिनची गोष्ट पुन्हा वाचताना

मोबाइलवर ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ खेळणाऱ्यांना कू खुलिन वेगळा सांगावा लागत नाही. निळा पोशाख, लाल भाला, चेहऱ्यावर मग्रुरी. त्याच खेळात त्याला शस्त्रविद्या शिकवणारी स्काहाख आहे, त्याची वैरीण राणी मेव्हही आहे. खेळाबाहेर ‘केल्टिक मिथॉलॉजी’ म्हणून शोधायला गेलात तर धुकं, हिरवे डोंगर, गाठींची नक्षी आणि ‘दहा थोर केल्टिक योद्धे’ छापाच्या याद्या मिळतात. त्या याद्यांत कू खुलिनच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : आयर्लंडचा महावीर, एकट्याने अख्खं सैन्य अडवलं.

ओळ खोटी नाही. पण ती वाचून तीन साधे प्रश्न पडायला हवेत. ते सैन्य कशासाठी आलं होतं? बाकीचे पुरुष कुठे होते? आणि हा महावीर किती वर्षांचा होता?

उत्तरं अशी आहेत : एका वळूसाठी. बाळंतकळा सोसत अंथरुणावर. सतरा.

ही उत्तरं मूळ कथेतच आहेत, कुणी खवचटपणे शोधून काढलेली नाहीत. तरीही गेली सव्वाशे वर्षं या नायकाचं जे काही केलं गेलं, त्यात ती सोयीस्करपणे बाजूला पडत गेली. मला या लेखात त्याबद्दलच बोलायचंय. माझ्या मते ‘तॉइन बो कूलन्या’, म्हणजे ‘कूलन्याच्या गुरांची लूट’, ही शौर्याची गाथा म्हणून वाचली की अर्धीच वाचली जाते. ती मुळात फुशारकीची गोष्ट आहे. ‘तुझं मोठं की माझं’ या वादाची किंमत शेवटी कोण मोजतं, याची.

आधी थोडी पुस्तकाची ओळख. ‘केल्टिक’ हे लेबल आपण सहज लावतो, पण ज्या आयरिश भिक्षूंनी या कथा मठांत बसून उतरवल्या ते स्वतःला केल्ट म्हणवत नव्हते. तॉइन आपल्यापर्यंत आली ती प्रामुख्याने दोन रूपांत. जुनं रूप ‘तपकिरी गाईचं पुस्तक’ या १२व्या शतकाच्या आरंभीच्या हस्तलिखितात अर्धवट सापडतं, आणि पुढे १४व्या शतकातल्या ‘लेकनच्या पिवळ्या पुस्तकात’. दुसरं, अधिक नेटकं रूप १२व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ‘लेन्स्टरच्या पुस्तकात’ आहे. त्या तपकिरी गाईमागे अशी आख्यायिका आहे की संत किरानच्या लाडक्या गाईच्या कातड्यावर ते पुस्तक लिहिलं गेलं. गुरांच्या लुटीची गोष्ट गुराच्याच कातड्यावर! याहून कडू योगायोग पुढेच आहे. या हस्तलिखिताशी ज्या लेखनिकाचं नाव जोडलं जातं, तो मेल मुरे ११०६ साली क्लॉनमॅकनॉइसच्या मठात, चर्चच्या आतच, लुटारूंच्या हातून मारला गेला. लूट म्हणजे काय हे या लिहिणाऱ्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

लेन्स्टरच्या पुस्तकात गोष्ट सुरू होते ती अंथरुणात. कॉनाखटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आलिल रात्री गप्पा मारतायत. आलिल म्हणतो, माझ्याशी लग्न झाल्यापासून तुझं बरं चाललंय. मेव्ह म्हणते, माझं आधीपासूनच बरं होतं. झालं, तुलना सुरू. बादल्या, हंडे, अंगठ्या, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं, गुरं एकेक करून समोर आणली जातात, मोजली जातात. सगळं बरोबरीत सुटतं. फक्त एक गोष्ट सोडून. आलिलच्या खिल्लारात फिनवेनाख नावाचा पांढऱ्या शिंगांचा वळू आहे. तो जन्मला मेव्हच्याच गाईपोटी, पण बाईच्या मालकीचं राहायचं नाही म्हणून आलिलच्या कळपात निघून गेला.

वळूलासुद्धा बाईची मालकी कमीपणाची वाटते! पहिल्याच पानावर हा विनोद आहे, आणि तो साधा नाही. त्या काळच्या आयरिश कायद्यात नवरा-बायकोपैकी कुणाची मालमत्ता जास्त यावर घरातलं स्थान ठरत असे. म्हणजे मेव्हचा हट्ट हा निव्वळ लहरीपणा नाही. एका वळूने ती कायद्याने धाकटी ठरते.

तिच्या तोडीचा वळू अल्स्टरमध्ये, कूलन्या भागात दाराकडे आहे. डॉन कूलन्या त्याचं नाव. मेव्ह तो एक वर्षासाठी उसना मागते. बदल्यात पन्नास कालवडी, जमीन, एक रथ आणि वर स्वतःच्या मांड्यांची मैत्री देऊ करते. दारा खुशीने तयार होतो. पण रात्री तिचे दूत दारू पिऊन बरळतात, की हा राजीखुशीने देत नसता तर आम्ही जबरदस्तीने नेलाच असता. ते दाराच्या कानावर जातं. सौदा मोडतो. युद्ध सुरू.

बघा, एवढ्यात दोन फुशारक्या झाल्या. एक अंथरुणातली, एक दारूच्या नशेतली.

तिसरी फुशारकी जुनी आहे. ‘बाकीचे पुरुष कुठे होते’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. माखा नावाची एक बाई, खरं तर परलोकातली, अल्स्टरमधल्या एका माणसाची बायको होऊन राहते. तो जत्रेत जाऊन बोलून बसतो, की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा जोरात पळते. राजा तिला धरून आणवतो. दिवस भरलेत, थोडं थांबा, अशी ती विनवणी करते. तुम्हालाही आयांनीच जन्म दिलाय, हे जमलेल्यांना सांगून बघते. कुणी ऐकत नाही. ती पळते, जिंकते, आणि तिथेच मैदानावर जुळ्यांना जन्म देते. मग शाप : अल्स्टरवर संकट येईल तेव्हा तेव्हा इथल्या पुरुषांना पाच दिवस आणि चार रात्री बाळंतकळा येतील, नऊ पिढ्यांपर्यंत. राजधानीचं नावच पडलं ‘एवन माखा’, म्हणजे माखाची जुळी. आर्मा शहराजवळ ती जागा आजही दाखवतात.

मला या सगळ्या कथाचक्रातली ही सर्वांत महत्त्वाची कथा वाटते. कू खुलिन सीमेवर एकटा उभा का राहिला, याचं कारण त्याचं अलौकिक शौर्य नाही. कारण हे की एका गरोदर बाईची विटंबना करमणूक म्हणून बघणाऱ्या समाजाचे पुरुष ऐन वेळी कामाला आले नाहीत. एकट्या नायकाची गरज पडते ती सगळ्यांनी मिळून काही तरी नासवल्यावर.

शाप बायकांना लागू नाही, मुलांना नाही, आणि कू खुलिनला नाही. त्याचं मूळ नाव शेतांता. लहानपणी कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा त्याच्या हातून मेला. भरपाई म्हणून तो म्हणाला, नवं पिल्लू मोठं होईपर्यंत मीच राखण करतो. त्यावरून कू खुलिन, म्हणजे कुलनचा कुत्रा. सातव्या वर्षी त्याने द्रुइद काथवादचं भाकीत ऐकलं, की आज जो शस्त्र धरेल तो कीर्तिवंत होईल पण अल्पायुषी ठरेल. तो तडक राजाकडे शस्त्र मागायला गेला. नाव राहिलं तर एका दिवसाचं आयुष्यही चालेल, असं तो म्हणतो. सात वर्षांचं पोर हे म्हणतंय, हे विसरू नका. पुढे याच वाक्याचा काय उपयोग झाला ते येईलच.

तॉइनमध्ये कू खुलिन नदीच्या उतारावर रोज एकेका योद्ध्याशी लढतो. जखमी होऊन तो तीन दिवस झोपतो, तेव्हा एवन माखाची मुलं, दीडशे पोरं, त्याच्या मदतीला येतात. मोठ्यांना शाप आहे, यांना नाही, म्हणून हीच येतात. सगळी मारली जातात. कू खुलिन उठतो, त्याला कळतं, आणि मग त्याची ती प्रसिद्ध ‘रीअस्त्रद’ होते. एक डोळा आत ओढला जातो, दुसरा गालावर लोंबतो, पोटऱ्या पुढे आणि पावलं मागे वळतात, डोक्यातून रक्ताचा खांब उसळतो. खेळांमध्ये याचं ‘पॉवर-अप’ झालंय. मूळ कथेत ते एखाद्या अपघातासारखं वाटतं. पोराचं शरीर आतून उलटंपालटं होतं, आणि त्याला शत्रू-मित्र ओळखू येत नाहीत.

मग फेरदिया येतो. दोघे स्काहाखकडे एकत्र शिकलेले, सख्ख्या भावांसारखे गुरुबंधू. फेरदियाला लढायचं नाहीये. मेव्ह त्याला मुलीचं आमिष दाखवते. ते पुरेसं नाही म्हणून कवींची धमकी देते, की ते तुझ्यावर अशी निंदाकाव्यं रचतील की चेहऱ्यावर फोड उठतील. मृत्यूपेक्षा बदनामीला घाबरून तो उतारावर जातो. पहिल्या संध्याकाळी लढाई थांबल्यावर दोघे एकमेकांना मिठी मारतात. कू खुलिन आपल्या वाट्याची औषधी मुळं पलीकडे पाठवतो, फेरदिया आपल्या वाट्याचं अन्न इकडे पाठवतो. घोडे एकाच कुरणात, सारथी एकाच शेकोटीशी. तिसऱ्या रात्री हे सगळं थांबतं. चौथ्या दिवशी कू खुलिन गे बोलगा वापरतो. पायाने फेकायचा भाला, शरीरात एक होऊन शिरतो आणि आत तीस काट्यांनी उघडतो. तो मित्राचं प्रेत उचलून पाण्यापलीकडे, आपल्या बाजूला घेऊन येतो आणि शोक करत बसतो. लाउथ परगण्यातल्या त्या गावाच्या आयरिश नावात फेरदियाचा उतार अजून आहे. इंग्रजीत ते झालं आर्डी.

हाच गे बोलगा एका वेगळ्या कथेत तो कॉनलावर चालवतो. कॉनला सात वर्षांचा, ईफापासून झालेला त्याचा स्वतःचा मुलगा. एमर त्याला आधी सांगते, की तो तुझाच आहे, जाऊ नकोस. तो जातो. अल्स्टरच्या इज्जतीसाठी.

फेट मालिकेत गे बोल्ग हे न चुकता हृदयाचा वेध घेणारं अस्त्र आहे. मूळ कथांमध्येही त्याचा नेम चुकत नाही. फक्त समोर कोण आहे, एवढंच बघायचं असतं.

आता या कथेचं विसाव्या शतकात काय झालं ते पाहू. १९०२ साली लेडी ग्रेगरी यांनी ‘मुर्हेव्हनाचा कू खुलिन’ या अर्थाचं पुस्तक काढलं. विखुरलेल्या कथा गोळा करून, आपल्या किलटार्टन भागातल्या बोलीच्या वळणाने त्यांनी त्या सलग सांगितल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. हा नायक सामान्य आयरिश वाचकाच्या घरात गेला तो त्यांच्यामुळे. पण तुम्हाला आवडणार नाही असं बरंच मी गाळलंय, हे त्यांनी अर्पणपत्रिकेतच मोकळेपणाने सांगितलंय. गाळलं किंवा सौम्य केलं ते बहुतेक शरीराशी जोडलेलं. मेव्हचा तो मांड्यांचा प्रस्ताव, रीअस्त्रदचं ओंगळपण, रक्त. वसाहतवाद्यांनी रानटी ठरवलेल्या देशाला सभ्य महाकाव्य हवं होतं, हे समजू शकतं. पण शरीर गेलं की वेदनाही जाते, आणि मग उरतो पुतळ्याच्या लायकीचा नायक.

पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली डब्लिनमध्ये सेंट एंडाज ही मुलांची शाळा काढली. शाळेत शस्त्र धरणाऱ्या बाल कू खुलिनचं भित्तिचित्र होतं, आणि त्याच्याभोवती तेच, एका दिवसाच्या आयुष्याचं वाक्य. पिअर्स यांची तळमळ आणि शिक्षणाची समज खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण काथवादचं भाकीत मूळ कथेत वाचताना अंगावर काटा येतो, आणि शाळेच्या भिंतीवर तेच ब्रीदवाक्य होतं. १९१६ च्या ईस्टर उठावात शाळेचे काही माजी विद्यार्थी उतरले. ३ मे १९१६ रोजी पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या.

उठावाचं केंद्र होतं डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस. १९३५ साली तिथे स्मारक म्हणून ऑलिव्हर शेपर्ड यांचं ब्राँझ शिल्प बसवलं गेलं : मरणारा कू खुलिन, उभ्यानेच मरण यावं म्हणून दगडी खांबाला स्वतःला बांधून घेतलेला, खांद्यावर कावळा. सुंदर शिल्प आहे. तीन वर्षांनी आलेल्या ‘मर्फी’ या कादंबरीत सॅम्युएल बेकेट यांनी आपल्या एका पात्राला त्या पुतळ्याच्या पार्श्वभागावर डोकं आपटायला लावलं. मला ती टवाळी नुसती टवाळी वाटत नाही. पुतळ्याने पोरांना गिळलंय हे बेकेट यांना दिसत असावं.

पुढचं वळण एखाद्या कादंबरीकारालाही सुचलं नसतं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात बेलफास्टच्या न्यूटाउनार्ड्स रोडवर ब्रिटननिष्ठ गटांनी हाच कू खुलिन, याच शिल्पाच्या पोझमध्ये, भिंतीवर रंगवला. त्यांचा युक्तिवादही कथेतूनच आलेला : दक्षिणेकडून आलेल्या आयरिश सैन्यापासून अल्स्टर वाचवणारा हा आमचाच. म्हणजे एकच मरणारा पोरगा, एकमेकांना मारणाऱ्या दोन बाजूंच्या दोन भिंतींवर. तॉइन जिथून सुरू झाली होती तिथेच गाडी परत आली : तुझा की माझा?

म्हणूनच मला टॉमस किन्सेला यांचं १९६९ सालचं भाषांतर इतकं मोलाचं वाटतं. ते आलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य उतरलं होतं. किन्सेला यांनी मुख्यतः जुन्या, ओबडधोबड रूपाचा आधार घेतला आणि गाळलेलं सगळं परत आणलं : घाण, रक्त, चावटपणा, विनोद. लुई ल ब्रॉकी यांची काळ्या शाईची चित्रं सोबत आहेत, डागांसारखी. त्या डागांत माणसं आहेत, पण त्यातला वीर कोण ते झटकन कळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तॉइनच्या आधी त्यांनी काही पूर्वकथा जोडल्या. माखा आहे, कॉनलाचा मृत्यू आहे. खांबाला बांधून घेतलेलं ते कीर्तिमान मरण मात्र नाही. पुतळ्यात जे होतं ते या पुस्तकात नाही, आणि पुस्तकात जे आहे त्याचा पुतळा कुणी उभारत नाही.

त्या पूर्वकथांत शेवटची आहे दोन डुक्करराख्यांची. दोघे जिवलग मित्र. लोक त्यांना चढवतात : खरी ताकद तुझी की त्याची? मैत्री फुटते. दोघे एकमेकांशी लढत रूपं बदलत राहतात. पक्षी होतात, जलचर होतात, हरणं होतात, योद्धे, भुतं, सर्पराक्षस, शेवटी अळ्या. त्या अळ्या दोन गाई पाण्याबरोबर गिळतात. त्यांच्या पोटी जन्मतात ते दोन वळू : डॉन आणि फिनवेनाख.

म्हणजे ज्या वळूसाठी फेरदिया मेला तो वळूच मुळात दुसऱ्यांनी चिथावून फोडलेला एक मित्र होता. ही जुळणी कथाकारांनी ठरवून केली की पिढ्यान्‌पिढ्या सांगता सांगता झाली, याला माझ्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही. ती तिथे आहे, आणि तिने संपूर्ण गोष्टीचा अर्थ बदलतो.

यावर एक रास्त आक्षेप निघू शकतो. मी या कथेला आजचा शांतिपाठ बनवतोय का? तॉइनला मारामारी मनापासून आवडते, हे खरंच आहे. मुंडकी मोजताना तिचा आवाज चढतो. बाईबद्दलचा तिचा आकसही खरा आहे. शेवटच्या लढाईत मेव्हला पाळी येते, ती तिथेच थांबते, कू खुलिन तिला गाठतो आणि जिवंत सोडतो. त्यानंतर फर्गस, जो तिचा प्रियकर आणि सेनापती आहे, शेरा मारतो की घोडीमागे गेलेल्या कळपाची दुसरी काय गत होणार. सगळ्या नाशाचं खापर एका बाईवर फोडून पुरुष मोकळे. अंथरुणात वाद उकरणारा आलिल होता, हे तो विसरतो. पण याच कथेने आपल्याला माखाही दिली आहे. म्हणून फर्गसचा शेरा कथेचा शेवटचा निवाडा आहे असं मी मानत नाही. तो फर्गसचा शेरा आहे.

कथेच्या मनात दोन आवाज आहेत याचा पुरावा लेन्स्टरच्या पुस्तकात शेवटी लिहूनच ठेवलाय. तिथे दोन पुष्पिका आहेत. आयरिशमधली म्हणते, जो ही तॉइन आहे तशी पाठ करेल आणि तिच्यात भर घालणार नाही त्याला आशीर्वाद. लगेच लॅटिनमधली म्हणते, मी हा इतिहास, खरं तर ही कल्पित कथा, उतरवली खरी, पण यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानाची फसवणूक आहे, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. जपा, पण भुलू नका. पुराणकथेशी कसं वागावं याचा इतका शहाणा सल्ला मी दुसरीकडे वाचलेला नाही. पुढच्या काळात लोकांनी पहिली पुष्पिका पाळली आणि दुसरी विसरली.

गुरांच्या लुटीत मेलेले वीर आपल्यालाही परके नाहीत. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि गुरं, मध्ये लढाई, वर अप्सरा आणि शिवलिंग. पण ते दगड वीर कसा मेला आणि कुठे गेला तेवढंच दाखवतात. गुरं पळवण्याचा बेत कुणाच्या अंथरुणात शिजला, हे दगडावर कोरत नाहीत. तॉइनचं वेगळेपण इथेच आहे.

शेवटी काय होतं? मेव्हचं सैन्य हरतं, पण वळू तिने आधीच कॉनाखटला पाठवलेला असतो. तिथे दोन्ही वळू रात्रभर आयर्लंडभर लढतात. सकाळी डॉन कूलन्या शिंगांवर फिनवेनाखचे अवयव घेऊन घराकडे निघतो. वाटेत ते सांडत जातात, आणि जिथे जे पडलं त्यावरून गावांची नावं पडतात. अथलोन शहराचं नाव असंच पडल्याचं कथा सांगते. घरी पोचल्यावर त्याचं काळीज फुटतं आणि तोही मरतो. मेव्ह आणि आलिल अल्स्टरशी तह करतात. अंथरुणातला हिशेब पुन्हा बरोबरीत : आता दोघांकडेही वळू नाही. मधल्या मध्ये फेरदिया गेला आणि ती दीडशे पोरं गेली.

किन्सेला यांचं पुस्तक हाती घेतलंत, किंवा बेलफास्टच्याच किअरन कार्सन यांचं २००७ सालचं अधिक गाणारं भाषांतर, तर कू खुलिनची पराक्रमाची पानं जरूर मजेने वाचा. ती थरारक आहेतच. फक्त आधी माखाची गोष्ट वाचा. कार्सनमध्ये ती वेगळी दिलेली नाही, म्हणून किन्सेलापासून सुरुवात करणं बरं. मग सतरा वर्षांचा मुलगा नदीच्या उतारावर एकटा उभा दिसेल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी आपली नजर त्याच्या मागे, रिकाम्या पडलेल्या रस्त्याकडे जाईल.